आजोबांच्या ट्रंकेत चीनच्या युद्धकाळातलं, लाकडी ठशाने छापलेलं चित्र सापडलंय. खरं आहे का, आणि टिकवायचं कसं?

आधी भिंग घ्या. रेषेत बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते पुस्तकातून कापलेलं छापील पान. लाकडी ठशाची शाई सलग, काळीभोर असते, आणि कागद उलटा करून उजेडात तिरपा धरला की दाब दिल्याच्या खुणा बऱ्याचदा दिसतात.

जपानविरुद्धच्या लढ्यात तिकडे ही कला फोफावली ती साध्या कारणाने: लाकूड, सुरी, शाई एवढंच लागायचं, छापखाना नको. चिनी लेखक लू शुन यांनी १९३१ मध्ये शांघायला ठशाचा वर्ग भरवला होता. १९३८ मध्ये चिनी कम्युनिस्टांचा तळ असलेल्या येनानला त्यांच्याच नावाची कलासंस्था निघाली. वैद्यकीय मदतीसाठी चीनला गेलेले आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३९ मध्ये येनानला पोचले आणि ९ डिसेंबर १९४२ ला चीनमध्येच वारले. म्हणून सोलापुरातलं असं प्रत्येक चित्र 'कोटणीसांनी पाठवलेलं' ठरतं! पत्र, पाकीट, मागची नोंद असेल तरच तसं म्हणा.

लॅमिनेशन अजिबात नको. आमच्याकडच्या एका जुन्या चित्राला फ्रेमवाल्याने डिंक लावून पुठ्ठ्यावर चिकटवलं, वर समास कापला. त्यातच पेन्सिलची सही होती. फ्रेम करायची तर पुठ्ठा आम्लविरहित (acid-free) घ्या, काच आणि कागद यांत फट ठेवा. आपल्याकडचा मे महिना आठवा, पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका. आणि ट्रंकेत परत ठेवायचं असेल तर कसर लागलीय का ते आधी बघा.