सुट्टीच्या दिवशीही डोकं ऑफिसातच असतं

प्रश्न: ताई नमस्कार, नाव छापू नका प्लीज. मी ३६ वर्षांची आहे, ऑफिसात एक टीम सांभाळते, पगार बरा आहे, घरचे समजूतदार आहेत, म्हणजे तक्रार करावी असं वरवर काहीच नाहीये. पण घरी आले तरी डोकं तिकडेच असतं. मुलगी काहीतरी सांगत असते आणि मी हं हं करत मनात उद्याच्या मीटिंगची उत्तरं जुळवत असते, आणि तिला ते कळतं. रविवारी दिवसभर मोबाईल घेऊन लोळते तर संध्याकाळी उलट जास्तच दमल्यासारखं वाटतं. पूर्वी हेच काम मला मनापासून आवडायचं, आता वाटतं हे सगळं कशासाठी चाललंय. नवरा म्हणतो सोडून दे नोकरी, मैत्रीण म्हणते तुझी पॅशन शोध. मला तर पॅशन वगैरे काही नाहीच्चे असं वाटायला लागलंय. काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी एक सांगते, नोकरी सोडायचा निर्णय आत्ता घेऊ नका. तुमची नोकरी चांगली की वाईट ते मला इथून कळणार नाही, पण "कशासाठी" हा प्रश्न तुम्ही फार दमलेल्या मनाने विचारताय, आणि दमलेल्या मनाला कशातच अर्थ दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य झालेल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटचं वर्णन केलंय. ते त्याला आजार म्हणत नाहीत, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणतात, आणि त्याच्या तीन खुणा सांगतात: अंगात त्राणच न उरणं, कामातून मन उडणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. ती मधली खूण परत वाचा. मन उडणं हा थकव्याचाच भाग असू शकतो, आणि आपण मात्र समजतो की आपलं आयुष्यच चुकलं. तुमच्या पत्रात "पूर्वी हेच काम मला मनापासून आवडायचं" हे वाक्य आहे ना, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. हां, पण कामच नाही तर कशातच आनंद वाटत नसेल, झोप आणि भूक बरेच दिवस बिघडली असेल, तर मात्र माझ्या उत्तरावर थांबू नका, डॉक्टरांना भेटा.

आता रविवारचं बघू. झाबिने झोनेनटाग या मानसशास्त्रज्ञ कामानंतर माणूस ताजातवाना कशाने होतो यावर कितीतरी वर्षं काम करतायत. २००७ मध्ये त्यांनी आणि शार्लट फ्रिट्झ यांनी चार गोष्टी मांडल्या: कामापासून मनाने सुटणं, आराम, काहीतरी नवीन जमल्याचा अनुभव, आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. तुम्ही लोळता तेव्हा यातला फार तर आराम मिळतो, तोही अर्धाच, कारण त्याच मोबाईलमध्ये ऑफिसचे मेलही येऊन पडत असतात. आणि पॅशनचं म्हणाल तर तो शब्द जरा बाजूलाच ठेवा, दमलेल्या माणसाच्या डोक्यावर ते आणखी एक टार्गेट होऊन बसतं. त्यापेक्षा एखादी छोटी गोष्ट शिकायला घ्या, वाद्य, पोहणं, चित्र, नवीन भाषा, काहीही, फक्त तिचे पैसे मिळणार नसावेत आणि तिचं अप्रेझल होणार नसावं. मेहनत लागली तरी चालेल, असल्या मेहनतीने माणूस बऱ्याचदा खुलतो.

डोक्यात फिरणाऱ्या मीटिंगसाठी एक साधा उपाय आहे. अर्धवट राहिलेलं काम मनात घोळत राहतंच, पण ते कधी आणि कसं करायचं हे नक्की ठरवलं की घोळणं कमी होतं, मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रयोगांतून हे दाखवलंय, म्हणजे काम पूर्ण झालेलंच पाहिजे असंही नाही. त्यामुळे निघायच्या आधी दहा मिनिटं काढा आणि लिहा: काय राहिलं, उद्या किती वाजता हातात घेणार, पहिली पायरी कोणती. मग घरी आल्यावर अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत. लेकीला तसं सांगून ठेवा की हा अर्धा तास तुझा. अख्खी संध्याकाळ अर्ध्या मनाने तिच्याजवळ बसण्यापेक्षा मला हे कितीतरी बरं वाटतं.

असे दोनतीन महिने जाऊ द्या, मग तो "कशासाठी" परत काढा. तेव्हाही सोडायचं की राहायचं यावर लगेच येऊ नका, या कामातला कुठला भाग वाढवता येईल ते आधी बघा. एमी रेझनेस्की आणि जेन डटन या दोन संशोधकांनी २००१ मध्ये हॉस्पिटलमधल्या सफाई कर्मचाऱ्यांबद्दल लिहिलंय, काहीजण फक्त सफाई करत होते आणि काहीजण पेशंटशी दोन शब्द बोलणं, त्यांना बरं वाटेल असं बघणं हेही आपलंच काम समजत होते, आणि या दुसऱ्या लोकांना कामात जास्त अर्थ वाटत होता. तुमच्या हाताखालच्या कुणाला शिकवणं हा तसा भाग असू शकेल. आणि तेव्हाही मन लागलं नाही तर खुशाल सोडा, तो निर्णय शांत डोक्याने घेतलेला असेल.

प्रश्न: माझे वरिष्ठ रात्री अकरालाही मेसेज करतात, आठवड्याचे साठ तास सहज होतात. बाकीच्यांना चालतं, मलाच त्रास होतो. मी कमी पडतोय का?

उत्तर: नाही हो. दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने उद्योगांसाठी १९१९ मध्येच, तिच्या पहिल्या करारात घातली. याच संघटनेने आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त असतो. बाकीच्यांना चालतं असं दिसतं, पण तेही तुमच्याकडे बघून तेच म्हणत असतील. फ्रान्समध्ये तर २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. तुमच्याकडे तसा कायदा असो नसो, वरिष्ठांशी दिवसा, समोरासमोर बोला आणि भांडणाचा सूर नको. "सर, रात्री नऊनंतर मी मेसेज बघत नाही, सकाळी आल्या आल्या पहिलं तेच बघतो, खरंच अडलं तर फोन करा" एवढं पुरे. मेसेज टाकणं सोपं असतं, रात्री अकराला फोन लावताना माणूस जरा विचार करतो. आणि तासच जास्त भरत असतील तर हातातल्या कामांची यादी त्यांच्यासमोर ठेवा आणि यातलं या आठवड्यात कुठलं मागे ठेवू ते त्यांनाच ठरवायला सांगा.