‘द ओल्ड व्हिकरेज’ म्हणजे जुना पाद्रीबंगला?

विचारणा अशी: इंग्लंडातल्या खेड्यांविषयीच्या मजकुरात ‘द ओल्ड व्हिकरेज’ हे घराचं नाव वारंवार भेटतं, त्याला ‘जुना पाद्रीबंगला’ म्हणावं का? आणि व्हिकरेज व रेक्टरी यांत फरक काय?

फरक बांधणीचा नाही, दशमांशाचा आहे. गावाने उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला द्यायचा, हा जुना रिवाज. तो पूर्ण ज्याला मिळे तो रेक्टर. पण पुष्कळ गावी धान्य-गवताचा मोठा दशमांश एखादा मठ घेई आणि उपासनेसाठी आपल्या वतीने माणूस नेमी, तो व्हिकर. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘बदली’. त्याच्या वाट्याला सहसा कोकरं, फळं असा किरकोळ दशमांश येई. त्याचं राहतं घर ते व्हिकरेज, रेक्टरचं ते रेक्टरी.

म्हणून या शब्दावरून घराचं रूप मुळीच कळत नाही. ससेक्समधल्या आल्फ्रिस्टनचं क्लर्जी हाउस, म्हणजे तिथल्या पाद्र्याचं घर, १४व्या शतकातलं: ओकचा सांगाडा, गवताचं छप्पर, मधलं दालन थेट छपरापर्यंत मोकळं. दोन्ही टोकांना दोन मजले, वरचा मजला पुढे आलेला. सगळ्यावर छप्पर मात्र एकच, त्यामुळे मधला भाग आत ओढल्यासारखा दिसतो. जमीन चुनखडीचा चुरा ठोकून केलेली. पाडायला निघालेलं हे घर १८९६ साली जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १० पौंडांना घेतलं. ट्रस्टने विकत घेतलेली ही पहिली वास्तू.

याउलट वास्तुरचनाकार विल्यम बटरफिल्डने १८४४-४५मध्ये ग्लॉस्टरशरच्या कोलपिट हीथला बांधलेलं व्हिकरेज दगडी आहे, उतरत्या छपरांचं. दर्शनी बाजू दोन्हीकडे सारखी करण्याचा हट्ट त्याने सोडला. आत जशी खोली तशी बाहेर खिडकी! मला हे घर फार मोलाचं वाटतं, कारण पुढच्या पिढीच्या इंग्लिश घरबांधणीची चाहूल इथे लागते.

अशा घरांना ‘बंगला’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे व्हरांडा आणि आवार येतं. ते चित्र मिशनच्या बंगल्यांचं. इथे ते चुकीचं ठरेल. ‘व्हिकरेज’ असंच लिहावं, पहिल्या उल्लेखाला ‘गावच्या व्हिकरचं घर’ एवढा खुलासा जोडावा.

‘ओल्ड’चं भाषांतर त्याहून जपून करावं. २०व्या शतकात चर्चने अशी कित्येक मोठी घरं विकली, व्हिकर लहान घरात गेले, नाव तेवढं मागे राहिलं. तेव्हा हा ‘ओल्ड’ वयाचा नसून वापराचा आहे. विशेषनाम असेल तर ‘द ओल्ड व्हिकरेज’ तसंच ठेवावं. वर्णनात ‘पूर्वीचं व्हिकरेज’ म्हणावं, ‘जुनं’ नको.