गोल घड्याळ लांबट का दिसतं?

प्रश्न : बाबांच्या निवृत्ती समारंभाची डीव्हीडी मी हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरने एमपी४ करून घेतली. संगणकावर व्हीएलसीमध्ये बाबा अगदी बाबांसारखे दिसतात. तीच फाइल पेन ड्राइव्हवरून टीव्हीला लावली की सगळेच उंच आणि काटकुळे होतात. गेल्या अंकात तुम्ही चित्रातली एखादी गोल वस्तू मोजायला सांगितली होती, म्हणून व्यासपीठामागचं भिंतीवरचं घड्याळ टीव्हीच्या पडद्यावर पट्टी धरून मोजलं. उभं १० सेंमी, आडवं ७. बाबा आता नाहीत. आईला ते असे दाखवायला मन होत नाही.

उत्तर : ताई, ७ भागिले १० म्हणजे ०.७०. या एका आकड्याने दोष सापडला.

तुमची डीव्हीडी पाल या, आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीची आहे. तिच्यात चित्राचे ७२० आडवे आणि ५७६ उभे ठिपके असतात, मग चित्र जुन्या ४:३ टीव्हीसाठी असो की रुंद १६:९ टीव्हीसाठी. आता हिशेब करा. ७२० ला ५७६ ने भागलं की १.२५ येतं. ४:३ म्हणजे १.३३ आणि १६:९ म्हणजे १.७८. दोन्हींशी जुळत नाही! रुंद चित्र दोन्ही बाजूंनी दाबून साठवलेलं असतं आणि त्याच्यासोबत एक चिठ्ठी असते : दाखवताना १६:९ करून दाखव. प्लेअरने ती वाचायची आणि चित्र आडवं ताणायचं. व्हीएलसी वाचतो. तुमच्या टीव्हीचा पेन ड्राइव्हवाला प्लेअर वाचत नाही, त्याने ठिपके होते तसे मांडले. १.७८ च्या जागी १.२५ आलं, आणि १.२५ भागिले १.७८ म्हणजे ०.७०. तेच तुमचं घड्याळ.

ते आडवं ७.५ सेंमी भरलं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. ०.७५ येतं तेव्हा टीव्हीचं पिक्चर साइझ ४:३ वर अडकलेलं असतं आणि रिमोटवर काम भागतं. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक आहे, म्हणून शक्य तेवढी मोठी गोल वस्तू निवडा आणि दोनदा मोजा.

फाइलमधली चिठ्ठी बदलून तुमच्या बाबतीत उपयोग नाही. चिठ्ठी बरोबरच आहे, ती वाचली जात नाही. तेव्हा चित्र खरोखर रुंद करूनच साठवायचं. हँडब्रेकमध्ये डायमेन्शन्समध्ये जा, क्रॉपिंग बंद करा, अ‍ॅनामॉर्फिकला ‘नन’ निवडा आणि आकार १०२४ बाय ५७६ ठेवा. आता ठिपके चौरस झाले, टीव्हीने काही वाचायची गरज उरली नाही. बाबा हात हलवतात तेव्हा कडांना कंगव्यासारखे दाते दिसत असतील तर फिल्टर्समध्ये डीइंटरलेस किंवा डीकॉम्ब चालू करा. आणि हे सगळं मूळ डीव्हीडीवरूनच करा, आधीच्या एमपी४ वरून नाही. दर वेळी नवी फाइल करताना चित्र कॉम्प्रेस होतं आणि त्यातले बारकावे जातात, आणि बाबांच्या चेहऱ्यावरचं काही जाऊ नये असंच तुम्हाला वाटतं.

एक कळकळीची विनंती. त्या डीव्हीडीची आहे तशी आयएसओ प्रत, म्हणजे अख्खी डिस्क एका फाइलमध्ये, आजच काढून दोन ठिकाणी ठेवा. घरी किंवा स्टुडिओत राइट केलेल्या डिस्कमधला रंगथर उन्हाने आणि उष्णतेने फिका पडतो, आणि एकदा डिस्क वाचेनाशी झाली की माझ्याकडे उपाय नाही.

प्रश्न : लहानपणच्या सायकल शर्यतीची डीव्हीडी मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने संगणकावर उतरवली. लॅपटॉप, टीव्ही, फोन, कुठेही लावा, सगळी मुलं बुटकी आणि पसरट. चाक मोजलं तर एकदा १.३३ आलं, एकदा १.१. व्हीएलसीमध्ये ‘ए’ दाबून ४:३ केलं की छान दिसतं, पण पुन्हा उघडली की जैसे थे.

उत्तर : १.१ सोडून द्या, त्या वेळी सायकल वळत असणार. वळत्या सायकलचं चाक, तिरकं दिसणारं ताट, पेल्याची कड ही मापं फसवतात. सायकल कॅमेऱ्यासमोरून आडवी जाते तेवढ्याच क्षणी चित्र थांबवून मोजा. तुमचं १.३३ मला पटतं. ४:३ च्या चित्रावर १६:९ ची चिठ्ठी चिकटली की नेमकं एवढंच येतं.

सगळीकडे सारखंच बिघडतं म्हणजे उपकरणं निर्दोष, चिठ्ठीच चुकीची. व्हीएलसीतला ‘ए’ फक्त बघण्यापुरता असतो, तो फाइलला हात लावत नाही. एमकेव्हीटूलनिक्स हे सॉफ्टवेअर घ्या, त्यातल्या हेडर एडिटरमध्ये फाइल उघडा, व्हिडिओ ट्रॅकखालची डिस्प्ले विड्थ ७६८ आणि डिस्प्ले हाइट ५७६ करा आणि सेव्ह करा. चित्र पुन्हा कॉम्प्रेस होत नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि काही सेकंदांत काम होतं. एखादा प्लेअर तरीही जुन्याच आकारात दाखवेल, कारण डीव्हीडीवरच्या एमपेग-२ प्रकारच्या चित्राच्या आतही अशीच एक चिठ्ठी असते आणि तो ती मानतो. तेवढ्या प्लेअरसाठी वर ताईंना सांगितलेली रीत वापरा, आकार मात्र ७६८ बाय ५७६ ठेवा आणि तपासून घ्या की हँडब्रेकने स्वतःहून १०२४ धरलेलं नाही.

माझ्या आईचं एकमेव चित्रीकरण एका स्टुडिओने असंच पसरट करून एव्हीआयमध्ये दिलं आणि मूळ डिस्क फेकून दिली. बरीच वर्षं मला ते बघवत नसे. मग तिच्या चष्म्याची गोल काच मोजली, तिथेही १.३३. आकार दुरुस्त केला आणि चष्मा गोल झाला, त्यामागचे डोळेही तिचे झाले. गेलेले बारकावे परत आले नाहीत, पण चेहरा आला. म्हणून सांगते, वाकडी दिसते म्हणून कुठलीही जुनी फाइल पुसू नका.

प्रश्न : चित्रपटाच्या डीव्हीडीवरून उतरवलेल्या फाइलमध्ये टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. चेहरे ठीक आहेत. पट्ट्या कशा घालवू?

उत्तर : घालवू नका. चित्रपट उंचीच्या २.३५ पट रुंद असेल आणि टीव्ही १.७८ पट, तर वर-खाली जागा उरणारच. ती भरायला चित्र मोठं केलंत तर दोन्ही कडांची माणसं कापली जातील, ताणलंत तर सगळे लांबट होतील. पट्ट्या चारी बाजूंनी असतील आणि चित्र मधोमध लहानसं दिसत असेल, तरच काही करण्यासारखं आहे. तिथे रुंद चित्र ४:३ च्या चौकटीत वर-खाली काळ्या पट्ट्यांसकट बसवलेलं असतं. टीव्हीचा झूम लावून पाहा. फाइलच नवी करायची असेल तर आतलं चित्र १६:९ चं असेल तर वरून ७२ आणि खालून ७२ ओळी कापा, आकार ७६८ बाय ४३२ ठेवा. कापण्याआधी एखादा उजेडाचा प्रसंग थांबवून पट्टी नेमकी कुठे संपते ते पाहा, अंधाऱ्या प्रसंगात चित्राची कड आणि पट्टी वेगळी ओळखू येत नाही.