जनावरांना खरंच दुःख होतं का, की सगळा हार्मोनचा खेळ असतो?

दुःख होतं. तुमच्या प्रश्नातल्या त्या ‘की’शी माझं जुनं भांडण आहे, कारण हेच वाक्य आमच्या थोरल्या चुलत्यांनी गोठ्यात उभं राहून माझ्या आईला ऐकवलं होतं.

आमची म्हैस दुसऱ्या वेताला व्याली आणि आठवड्याच्या आत रेडकू गेलं. ती पान्हा चोरायला लागली. आईने सडांना हात लावला की मान वळवून रेडकाच्या रिकाम्या खुंट्याकडे बघत रेकायची. चरवीचा तळसुद्धा झाकत नव्हता. चुलते म्हणाले, “जनावराला कसलं आलंय मन? हार्मोन आहे तो. इंजेक्शन टोचा आणि मोकळे व्हा.” शेजारच्यांनी रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून पुढे उभं करायला सांगितलं. आईने दोन्ही गोष्टींना साफ नकार दिला. पहाटे एकटीच गोठ्यात जायची, पुढ्यात सरकी पेंड ठेवायची, कोमट पाण्याने कास धुवायची आणि तिच्याशी बोलत राहायची. धारेच्या वेळी आम्हा पोरांना, कुत्र्याला आणि चुलत्यांनाही गोठा बंद. हळूहळू म्हैस पान्हावली, पण फक्त आईच्या हाताला. त्या वेतात दुसऱ्या कुणाला तिने धार काढू दिली नाही.

हार्मोनचं म्हणाल तर ते खरंच आहे. म्हशीचं बहुतेक सगळं दूध कासेतल्या बारीक ग्रंथींत अडकलेलं असतं. मेंदूतून सुटलेलं ऑक्सिटोसिन हे हार्मोन रक्तावाटे तिथे पोचलं की दूध सडात उतरतं. पण ते हार्मोन कधी सुटायचं, हे कोण ठरवतं? १९४१ साली ईली आणि पीटरसन या अमेरिकन संशोधकांनी धारेच्या वेळी गायीच्या पाठीवर मांजर ठेवलं, कागदी पिशव्या फोडल्या. घाबरलेल्या गायीने दूध सोडलं नाही, कारण भीतीने सुटणारं ॲड्रेनलिन हे हार्मोन आड आलं. भीती, ओळखीचा हात, ओळखीचा आवाज यांवरच जर ते अवलंबून असेल, तर हार्मोन सापडल्याने मन खोटं कसं ठरलं? बाळाला पाजणाऱ्या बाईच्या रक्तातही हेच ऑक्सिटोसिन असतं. तिची माया हार्मोनचा खेळ आहे, असं तिच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती आहे का? २०१२ साली केंब्रिजमध्ये मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीरनामाच काढला, की जाणिवेसाठी लागणारी मेंदूतली यंत्रणा सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांतही आहे.

दूध आटलं म्हणजे दरवेळी दुःखच, असं मात्र नाही. कास कडक किंवा गरम लागली, दुधात गाठी दिसल्या, तर तो कासदाह असू शकतो, डॉक्टरांना बोलवा. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शनही त्यांनी सांगितलं तर जरूर द्या. माझा राग आहे तो रोज धारेआधी सुई टोचून वर ‘जनावराला काय कळतंय’ म्हणणाऱ्यांवर. तुमच्या घरात असं म्हणणारं कुणी असेल, तर नुकतंच रेडकू गेलेल्या म्हशीची धार त्यांना स्वतःला काढायला सांगा.