शिफ्ट दर आठवड्याला बदलते, मग व्यायाम करायचा कधी?

"मॅडम, व्यायाम करायला पाहिजे हे कळतं हो. पण वेळ कुठंय?"

मी समुपदेशक आहे. केवळ या प्रश्नासाठी माझ्याकडे फारसं कुणी येत नाही. लोक येतात ते झोप लागत नाही म्हणून, सारखी चिडचिड होते म्हणून, घरात अबोला धरलाय म्हणून. बोलता बोलता हा विषय निघतोच, आणि निघाला की समोरच्याचा आवाज खाली जातो. वेळ नाही यापेक्षा 'आपण आळशी आहोत, आपल्यात जिद्द नाही' ही बोचणी मोठी असते. मला ती फार अन्यायाची वाटते. म्हणून एका कुटुंबाचा अनुभव जरा सविस्तर सांगते. दोघांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर काम करणारे गृहस्थ, वय चाळिशी ओलांडलेलं. मी त्यांना भाऊ म्हणायचे, इथेही तेच म्हणते. मूळचे धुळ्याकडचे, आता सिडकोत स्वतःचं घर, वर एक खोली चढवलेली. घरात आई, बायको, दहावीतली मुलगी आणि धाकटा मुलगा. कंपनीच्या तपासणीत साखर काठावर आली, रक्तदाबही थोडा वर. डॉक्टरांनी लगेच गोळी दिली नाही. तीन महिने चाला, वजन उतरवा, मग बघू, म्हणाले. भाऊंच्या वडिलांना साठीच्या आत अर्धांगवायूचा झटका आला होता, त्यामुळे सगळं घर धसकलं. वहिनी रोज आठवण करून द्यायच्या, भाऊ रोज चिडायचे. माझ्याकडे ते आले या भांडणांमुळे.

पहिल्या भेटीत भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोनदा जिम लावली. वर्षाचे पैसे भरले. पहिल्यांदा आठवडाभर गेलो, दुसऱ्यांदा तेवढंही नाही. माझ्यात दमच नाही मॅडम."

"जिमला कधी जायचात?"

"पहाटे पाचला. सगळे तेच सांगतात ना."

"आणि शिफ्ट?"

शिफ्ट तीन. सकाळी सातची फर्स्ट, दुपारी साडेतीनची सेकंड, रात्री बाराची नाईट. दर आठवड्याला बदलणार. सेकंड करून घरी यायला साडेबारा, जेवण आटोपून पाठ टेकेपर्यंत दीड. त्या आठवड्यात पहाटे पाचला उठायचं म्हणजे साडेतीन तासांची झोप. नाईटला तर पहाटे पाच वाजता हा माणूस मशीनसमोर उभा! ज्या वेळी ते तीन आठवड्यांतून एकाच आठवड्यात धड उठू शकतात, ती वेळ त्यांनी ठरवली होती. ठरवली तरी कुणी? शेजाऱ्यांनी, व्हॉट्सॲपवरच्या मेसेजांनी, कॉलेज रोडच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज दिसणाऱ्या, दहा ते सहा नोकरी असलेल्या मेव्हण्याने. 'पहाटे उठा' हा सल्ला ज्यांची पहाट रोज सारखी असते त्यांच्यासाठी आहे. सातपूर-अंबडच्या हजारो कामगारांना, सिव्हिलच्या नर्सेसना, एसटीच्या चालक-वाहकांना तो जसाच्या तसा देणं मला पटत नाही.

भाऊंना मी तसं सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं नाही. इतकी वर्षं स्वतःला दोष दिल्यावर दोष वेळापत्रकाचा होता हे ऐकणंही जड जातं.

त्यांची दुसरी अडचण वेगळी होती. "आठ तास उभाच असतो मी. अजून काय व्यायाम करायचा?" हा प्रश्न उभ्यानं काम करणारे पुष्कळ जण विचारतात, आणि तो रास्त आहे. लंडनच्या डबलडेकर बसवरच्या कामगारांचा एक जुना अभ्यास मी त्यांना सांगितला. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९५३ साली प्रसिद्ध केला. बस तीच, रस्ता तोच, पण दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिन्याने सारखी चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. नुसतं एका जागी उभं राहण्यात श्वास वाढत नाही. पाय दुखतात, हृदयाला मात्र काम मिळत नाही. भाऊ हसले. म्हणाले, "म्हणजे मी ड्रायव्हरच की." तिथून ते मोकळं बोलायला लागले.

किती व्यायाम लागतो याबद्दलही त्यांच्या मनात धास्ती होती. रोज तासभर घाम गाळला तरच उपयोग, असा त्यांचा समज. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचालीची आहे, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायामाची. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काहीतरी. मध्यम म्हणजे काय, तर चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. आणि वेळ नसलेल्या माणसाला धीर देणारी गोष्ट अशी की २०१०च्या शिफारशीत व्यायाम सलग निदान १० मिनिटांचा हवा अशी अट होती, ती २०२० साली काढून टाकली. पाच मिनिटं जिना चढलात तरी ती जमा होतात. ही अट गेल्याचं अजून बऱ्याच लोकांच्या कानावरच आलेलं नाही.

पुढच्या भेटीला मी दोघांना एकत्र बोलावलं आणि घरातलं कॅलेंडर घेऊन या म्हटलं. वहिनींनी कालनिर्णयची पानं घडी घालून पर्समधून आणली. त्या पानांवर आख्खं घर होतं. दुधाचे खाडे, गॅसचं सिलिंडर लावल्याची तारीख, मुलीच्या क्लासची फी, सासूबाईंची डोळ्यांची तपासणी, आणि दर आठवड्याच्या पहिल्या चौकोनात लाल पेनाने फ, से किंवा ना. ना म्हणजे नाईट. मी विचारलं, तिन्ही शिफ्टमध्ये, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, न चुकता होतेच अशी एखादी गोष्ट सांगा. घड्याळात कितीही वाजलेले असोत.

भाऊ म्हणाले, चहा. मग स्वतःच म्हणाले, नाही, नाईटला चहा कंपनीतच तीन-चारदा होतो. जेवण? त्याचाही नेम नाही. विचार करून ते थकले. वहिनी इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, अंघोळ. तुम्ही अंघोळ करून देवापुढे उभे राहिल्याशिवाय कधी घराबाहेर पडलात का? ताप असला तरी नाही."

सापडलं. आमच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया वहिनींनी एका वाक्यात घालून दिला.

मानसशास्त्रात याला चांगला आधार आहे. पीटर गॉलविट्झर यांनी १९९०च्या दशकात दाखवलं की 'मी व्यायाम करणार' अशा नुसत्या निश्चयापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करणार' असं ठरवलेलं पार पडण्याची शक्यता जास्त असते. ते 'अमुक' घड्याळाची वेळच असली पाहिजे असं नाही. ज्याचं घड्याळ दर आठवड्याला फिरतं त्याने तर वेळ सोडून द्यावी आणि एखादी पक्की घटना धरावी. भाऊंसाठी घटना ठरली: अंघोळीचं पाणी तापत ठेवलं की व्यायाम. पाणी तापेपर्यंत जेवढा होईल तेवढा.

व्यायाम मुद्दाम साधा ठेवला. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, आणि वरच्या खोलीचा जिना चढणं-उतरणं. कपडे बदलायचे नाहीत, गाडी काढायची नाही, पैसे भरायचे नाहीत. सुरू करण्याआधी त्यांनी डॉक्टरांना दाखवून घेतलं. रक्तदाब वर असेल, छातीत कधी दुखलं असेल किंवा गोळ्या चालू असतील तर हे टाळू नये.

चालणं आम्ही शिफ्टनुसार वेगळं लावलं. फर्स्ट असली की परतताना कंपनीच्या बसमधून त्रिमूर्ती चौकात उतरायचं आणि पुढे पायी घरी. सेकंडच्या आठवड्यात सकाळी मुलाला शाळेत सोडायला स्कूटरऐवजी पायी. नाईटला मात्र सकाळी घरी आल्यावर काहीही नाही, सरळ झोप. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने झोप मोडून व्यायाम करू नये, असं माझं ठाम मत आहे. झोप कमी पडली की भूक वाढते, चिडचिड वाढते आणि साखरेलाही ते मानवत नाही. त्या आठवड्यात दुपारी उठल्यावर, ऊन उतरलं की वहिनींबरोबर भाजीला.

सवय लागायला २१ दिवस लागतात हे भाऊंनीही ऐकलेलं होतं, आणि बाविसाव्या दिवशी आपोआप होईल अशी त्यांची अपेक्षा होती. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस इतका कमी-जास्त निघाला, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यात दिसलं. भाऊंना याचीच जास्त गरज होती. आजवर एक दिवस चुकला की ते सगळंच सोडून द्यायचे. आम्ही ठरवलं, एक खाडा चालेल, लागोपाठ दोन होऊ द्यायचे नाहीत. वहिनींनी दुधाच्या हिशेबाशेजारीच व्यायामाची खूण करायला सुरुवात केली. मी ते काम भाऊंकडे द्यायला लावलं. बायकोने हजेरी घेतली की व्यायाम तिच्यासाठी केल्यासारखा होतो आणि भांडण पुन्हा दारात येतं.

इथवर सगळं भाऊंबद्दल. पण एका भेटीत मी वहिनींना सहज विचारलं, "आणि तुमचं चालणं?" त्यांनी ओशाळून भाऊंकडे पाहिलं. घरी दोन शिलाई मशीन, ब्लाउज-फॉलचं काम, सासूबाईंचं पथ्य, डबे. "माझं कामातच होतं की सगळं," म्हणाल्या.

भाऊंची अडचण शिफ्टची होती. वहिनींची त्याहून अवघड होती, कारण त्यांच्या वेळेवर सगळ्यांचा हक्क होता, त्यांचा स्वतःचा सोडून. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घरच्यांसाठीच्या बिनपगारी कामात जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. 'पहाटे लवकर उठा' म्हणणं अशा बाईला तिच्या झोपेतूनच वेळ कापायला सांगणं आहे. मी तसा सल्ला देत नाही. वेळ द्यायचा तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी द्यायला हवा.

म्हणून तो प्रश्न मी भाऊंपुढे ठेवला. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ते सकाळी घरी असतात. त्या आठवड्यात मुलाला सोडून आल्यावर अर्धा तास दार, फोन, गिऱ्हाईक, आईचा चहा हे सगळं त्यांच्याकडे. वहिनी गल्लीतल्या मैत्रिणीबरोबर इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर. सुरुवातीला सासूबाईंना हे रुचलं नाही. सून सकाळी सकाळी फिरायला आणि मुलगा चहा करतोय, हे त्यांच्या डोळ्यांना सवयीचं नव्हतं. भाऊंनी त्यांच्याशी अहिराणीत काय बोलणं केलं ते मला माहीत नाही, पण नंतर त्याच सुनेला म्हणायला लागल्या की जाऊन ये, ऊन होईल. बाकीच्या दोन आठवड्यांत मुलगी क्लासहून आली की संध्याकाळी वीस मिनिटं.

एखादी बाई मला वेळ मिळत नाही म्हणाली की आता मी पहिला प्रश्न घरच्यांबद्दल विचारते. त्या अर्ध्या तासात दार कोण उघडणार? हे ठरलेलं नसेल तर बाकी सगळे बेत कागदावर राहतात.

मधे दिवाळीआधी कंपनीत ओव्हरटाइम लागला आणि भाऊंचं चालणं पूर्ण बंद पडलं. अंघोळीआधीचा व्यायाम मात्र कमी-जास्त का होईना, चालू राहिला. अडचणीच्या काळासाठी इतका लहान व्यायाम राखून ठेवावा की तो करायला वेळ नाही असं म्हणताच येऊ नये. पाणी तापेपर्यंत जिन्याच्या चार फेऱ्या झाल्या तरी तो दिवस मोजायचा. ओव्हरटाइम संपल्यावर त्यांना नव्याने काही सुरू करावं लागलं नाही, फक्त वाढवावं लागलं.

डॉक्टरांनी गोळी अजून सुरू केलेली नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी चालू आहे. वजन थोडं उतरलंय, भाऊंना वाटलं होतं तेवढं नाही. घरातली भांडणं बरीच कमी झाली आहेत. सुट्टी रविवारी आली तर मुलांना घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्या चढून येतात. नाईटचा आठवडा अजून कच्चाच आहे. तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर दुपारी उठून बाहेर पडणं त्यांच्याने होत नाही. सध्या त्या आठवड्यात चालण्याचा आग्रह आम्ही सोडलाय. त्याऐवजी रात्री ड्युटीला निघण्याआधी, अंघोळीच्या वेळीच, जिन्याच्या फेऱ्या वाढवून बघतोय.