'आय विश आय कुड' लिहू नका : इच्छेचे इंग्रजी शब्द आणि माझा हुकलेला सप्टेंबर

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. बहिणीच्या कॅनडाच्या स्टडी परमिटसाठी तुम्ही पत्र लिहिताय. शब्दकोशात विश, वॉन्ट, डिझायर या तिन्ही शब्दांपुढे 'इच्छा असणे' असंच दिलंय, तेव्हा 'यातला कुठलाही वापरला तर चालेल ना?' असा तुमचा प्रश्न आहे. मसुद्यातलं वाक्यही दिलंय : 'आय विश आय कुड रिटर्न टू इंडिया आफ्टर माय कोर्स.'

नाही चालणार. हे वाक्य आत्ताच्या आत्ता काढा, बाकीचं उत्तर नंतर वाचा. जवळजवळ हेच वाक्य मी २०१६ मध्ये लिहिलं होतं.

व्याकरणात त्याची काही चूक नाही, म्हणून तर ते कुणाच्या नजरेत येत नाही. पण 'विश'नंतर भूतकाळी रूप आलं की इंग्रजी वाचणाऱ्याला कळतं ते एवढंच : असं व्हायला हवं होतं, पण तसं नाहीये. 'आय विश आय न्यू' म्हणजे मला माहीत असतं तर, पण माहीत नाही. 'आय विश आय कुड रिटर्न' म्हणजे परत येता आलं असतं तर किती बरं झालं असतं, पण ते जमण्यातलं नाही. तुम्हाला म्हणायचंय 'मला परत यायचंय' आणि कागदावर उमटतंय त्याच्या नेमकं उलटं. तेही अशा अर्जात, जिथे कॅनडाच्या नियमांनुसार मुक्कामाची मुदत संपल्यावर अर्जदार देश सोडून जाईल अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते, कारण ही चूक अडाणीपणातून होत नाही, नम्रतेतून होते. माझ्या पहिल्या मसुद्यात 'आय विल रिटर्न' असं सरळ वाक्य होतं. ज्या सल्लागारांकडे पैसे भरले होते, तिथल्या टेबलावर सांगितलं गेलं, "मॅडम, 'विल' फार उद्धट वाटतं, जरा पोलाइट करा." शाळेत शिकवलेलं डोक्यात पक्कं होतं की 'कॅन'पेक्षा 'कुड' नम्र आणि 'वॉन्ट'पेक्षा 'विश' नम्र. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. मी दोन्ही नम्र शब्द एकत्र केले आणि ते वाक्य तयार झालं. मी विचारलंही, "याचा अर्थ बरोबर लागतोय ना?" उत्तर मिळालं, "सॉफ्टवेअरमध्ये टाकलंय, एकही चूक दाखवत नाही." ते वाक्य कुणी माणसाने वाचलंच नव्हतं.

नकार आला. पत्रात छापील कारण होतं : मुदतीनंतर तुम्ही कॅनडा सोडाल अशी खात्री पटली नाही. सप्टेंबरचा प्रवेश हुकला, अर्जाचे दीडशे डॉलर गेले. त्याच कार्यालयात गेले तर म्हणाले, "ऑफिसरचा मूड असतो, पुन्हा फी भरून टाका." पत्रात काही बदलायचं का, तर नाही, तेच पाठवू. याचा राग मला आजही येतो. चूक कुणाकडूनही होते, पण ज्या कामाचे पैसे घेतले तो कागद नकारानंतर तरी एकदा उघडून वाचावा की नाही?

शेवटी कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या मावसभावाने आपल्या माहिती अधिकारासारखा तिथला अर्ज केला, पाच डॉलर भरून. माझ्या फाइलवरच्या अधिकाऱ्याच्या नोंदी आल्या. तुटक इंग्रजीत चार-पाच ओळी. एका ओळीत होतं : 'पीए स्टेट्स शी विशेस शी कुड रिटर्न.' पीए म्हणजे मुख्य अर्जदार, अर्थात मी. ती ओळ मी घरी मोठ्याने वाचली आणि आईने विचारलं, "म्हणजे, तुला यायचं नाही असं तूच लिहिलंस?" आईचं इंग्रजी दहावीपर्यंतचं. तिला पहिल्याच झटक्यात कळलं.

इथे एक खुलासा. त्या एका वाक्यामुळेच नकार आला असं मी म्हणत नाही. नोंदीत नोकरीचा आणि घरच्या बांधिलकीचा पुरावा कमी असल्याचंही होतं. मी वकील नाही, नियमही बदलत असतात, तेव्हा ते कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावरच पाहा. दुसऱ्या खेपेला मी 'आय इंटेंड टू रिटर्न' लिहिलं, त्यापुढे का परतणार ते तीन ओळींत लिहिलं, कागद जोडले आणि परमिट मिळालं. कोर्स संपवून परत आलेही. बहिणीच्या मनात पुढे तिथे स्थायिक व्हायचं असेल तर खोटं मात्र लिहू नका. तिथला कायदा दुहेरी हेतू, म्हणजे आत्ता शिकायचं आणि पुढे स्थायिक व्हायचं असे दोन्ही, मान्य करतो. मुदत संपल्यावर ती निघेल एवढं अधिकाऱ्याला पटायला हवं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. गोंधळ शब्दकोशामुळे होतो, कारण तो या सगळ्यांपुढे 'इच्छा' लिहून मोकळा होतो. आपण बोलताना 'इच्छा' हा शब्द क्वचितच काढतो. आपण म्हणतो 'यायचंय', 'यावंसं वाटतं', 'येता आलं तर बघते', 'आले असते तर'. या चौघांतला फरक आपल्याला झोपेतही कळतो. म्हणून आधी बोलीतलं वाक्य धरा, मग इंग्रजी शोधा. 'यायचंय' असेल तर वॉन्ट, प्लॅन किंवा इंटेंड. 'यावंसं वाटतं' याला फील लाइक किंवा वुड लाइक. 'येता येईल अशी आशा आहे' याला होप, कारण होपमध्ये ते घडण्याची शक्यता शिल्लक असते. आणि 'असतं तर' मनात आलं, तरच विश आणि भूतकाळी रूप.

'विश टू' वेगळं. 'आय विश टू इन्फॉर्म यू' हे वॉन्टचंच औपचारिक रूप, त्यात धोका नाही. कुणाला 'आय विश यू लक' म्हणतो ते शुभेच्छेचं. पण 'आय विश यू पास' चूक, तिथे 'आय होप यू पास'.

वॉन्टबद्दल आपल्या लोकांची वेगळीच अडचण होते. मराठीत 'पाहिजे' एकटा तीन कामं करतो : मला चहा पाहिजे, मला विश्रांती पाहिजे, मला जायला पाहिजे. इंग्रजीत पहिलं वॉन्ट, दुसरं बहुधा नीड, तिसरं शुड किंवा हॅव टू. शिवाय 'दोन तिकिटं पाहिजेत' यात आपल्याकडे काही उद्धटपणा नाही, पण खिडकीवर 'आय वॉन्ट टू टिकेट्स' म्हटलं तर कानाला टोचतं, 'आय वुड लाइक' बरं. वॉन्टचा जुना अर्थ इच्छा नव्हताच, तो होता 'उणीव'. न्यायालयाच्या बातम्यांत आपण 'पुराव्याअभावी' वाचतो, त्याला इंग्रजीत 'फॉर वॉन्ट ऑफ एव्हिडन्स' म्हणतात, त्यात तो अर्थ अजून शाबूत आहे. जे उणं आहे ते हवंसं वाटतं, असा तो शब्द सरकत गेला.

डिझायरपासून तर लांबच राहा. नाम म्हणून ठीक आहे, पण 'आय डिझायर टू स्टडी' हे जुन्या काळच्या अर्जातलं वाटतं आणि 'डिझायर'पुढे माणूस आला की अर्थ थेट शारीरिक ओढीचा होतो. माझ्या ओळखीतल्या एकाने वरिष्ठ बाईंना मेलमध्ये 'वी डिझायर यू इन द मीटिंग' लिहिलं होतं. त्याला म्हणायचं होतं, बैठकीला तुम्ही हव्या आहात. दोन दिवस त्याला त्यांच्यासमोर जाववेना.

याचंच भावंड म्हणजे 'डिझायरेबल'. लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींत 'इसेन्शियल' आणि 'डिझायरेबल' असे पात्रतेचे दोन भाग असतात. पहिला अनिवार्य, दुसरा असल्यास उत्तम. डिझायरेबल वाचून घाबरून अर्जच न भरणारे मी पाहिलेत. भरा.

आणखी एक, कारण तुमच्या बहिणीच्या नोकरीच्या फॉर्मवर तो येणारच : 'विलिंग टू रिलोकेट'. त्याचं भाषांतर 'इच्छुक' करू नका. विलिंग म्हणजे तयारी आहे, हरकत नाही. त्यात उत्साह असेलच असं नाही. उत्साह दाखवायचा तर 'ईगर' किंवा 'कीन'. आपल्याकडे निवडणुकीच्या तिकिटासाठी रांग लावणारे 'इच्छुक' असतात ते विलिंग नव्हेत, अ‍ॅस्पिरंट.

क्रेव्ह, यर्न, लस्ट, कव्हेट हे पत्रात लागणार नाहीत, तरी थोडक्यात : क्रेव्हिंग म्हणजे डोहाळ्यांसारखी अनावर लालसा, यर्न म्हणजे वारकऱ्याला पंढरीची असते तशी ओढ, लस्ट म्हणजे वासना, कव्हेट म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा. बक्षिसाला 'कव्हेटेड' म्हटलं की मात्र तो मान.

पत्र पुरं झालं की ते बहिणीला इंग्रजी न पाहता मराठीत सांगायला लावा आणि घरातल्या तिसऱ्या माणसाला ऐकू द्या. जिथे 'तर' किंवा 'असतं' आपोआप तोंडात येईल, तिथलं वाक्य बदला. आणि नाव, पासपोर्ट नंबर, पत्ता काढून पूर्ण मसुदा इथे टाका. रविवारपर्यंत मी ओळ न् ओळ वाचून देईन.