बॅरन बेटावरचा लाल रंग कसला?

प्रश्न : मी नववीला भूगोल शिकवते. अंदमानातल्या बॅरन या ज्वालामुखी बेटाचं उपग्रहाने टिपलेलं चित्र वर्गात दाखवलं. त्यात बेटाच्या कडा लालभडक आणि मधला भाग काळा आहे. मुलं म्हणाली, एवढा लाव्हा पसरलाय तर बेट शिल्लक कसं? शिवाय मधला डोंगर मला खड्ड्यासारखा दिसतो. चित्रातच चूक आहे का?

उत्तर : चित्र बरोबर आहे, बाई. तो लाल रंग म्हणजे झाडी, चांगली हिरवीगार झाडी! जिवंत पान हिरवा प्रकाश थोडाच परत पाठवतं, पण डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतं. उपग्रह तो मोजतो, आणि पडद्यावर त्याला लाल रंग द्यायची जुनी पद्धत आहे. म्हणजे लाल दिसतो तिथे अलीकडे लाव्हा पोचलेलाच नाही. लाव्हा आणि राख शोधायची ती काळ्या भागात. मधल्या डोंगराभोवतीची जुन्या ज्वालामुखीची भिंत पश्चिमेला फुटलेली आहे, त्या खिंडारातून लाव्हा समुद्रात उतरतो. अशी चित्रं रंगांचा खुलासा न देता फिरवली जातात याचा मला मनापासून राग येतो. मुलांनी जे विचारलं ते कुणीही विचारलं असतं.

आता खड्डा. हे उपग्रह सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातात. हिवाळ्यात, आभाळ मोकळं असताना, सूर्य तेव्हा आग्नेयेला असतो, म्हणजे चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडून ऊन येतं. आपल्या डोळ्यांना उजेड वरून येण्याची सवय. त्यामुळे उजळलेला उतार आणि सावलीतला उतार यांची मनात अदलाबदल होते, आणि शंकू आत दबलेला वाटतो. चित्र उलटं धरा, खालची बाजू वर. डोंगर लगेच उभा राहील. वर्गात हे जरूर करून दाखवा, मुलं ते विसरत नाहीत.

तापलेला लाव्हा पाहायचा असेल तर लघुतरंग अवरक्त पट्ट्यातलं चित्र हवं. हजार अंशांच्या आसपासचा खडक त्या प्रकाशात स्वतःच चमकतो. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या या पट्ट्यात चित्राची एक चौकट (पिक्सेल) २० मीटरची असते. बेट जेमतेम ३ किलोमीटर रुंद, म्हणजे आडव्या दीडशेच चौकटी. त्यातल्या मोजक्याच, शंकूच्या माथ्यावरच्या, नारिंगी-पिवळ्या दिसल्या तर ज्वालामुखी जागा आहे असं समजा. पांढरा लोट दिसला तर तो वाफ किंवा ढग असू शकतो. राखेचा लोट मळकट तपकिरी असतो.

हा ज्वालामुखी सुमारे दीडशे वर्षं शांत राहून १९९१ मध्ये पुन्हा पेटला. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून फुकट मिळतात. तेव्हा १९९१ च्या आधीचं एक आणि अलीकडचं एक, दोन्ही एकाच मापात छापून घ्या. ट्रेसिंग पेपरवर मुलांना पश्चिम किनारा आणि काळ्या भागाची हद्द काढू द्या. फक्त सत्तरच्या दशकातल्या चित्रांची एक चौकट सुमारे ८० मीटरची होती, त्यामुळे एका चौकटीएवढा फरक आला तर तो खरा बदल धरू नका.